पहिला आठवडा : वेग ताशी २० किलोमीटर

(जुलै २०२५ मध्ये आपल्या मंडळाने घेतलेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमातील भाषण. समितीच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मी काही वक्ता नाही. खानदेशातल्या एका तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि इकडे आलो. माझं काम रुळांचं. दिवसभर बोलणं होतं ते ट्रॅकमनशी, नाहीतर फोनवर कंट्रोलशी. सचिव साहेबांनी सांगितलं, मुलांना करिअरबद्दल दोन शब्द सांगा. मी म्हटलं, करिअरबद्दल सांगणारे इथे माझ्यापेक्षा मोठे लोक बसलेले आहेत. मी फक्त कॉलेजच्या पहिल्या आठवड्याबद्दल बोलतो. ते हसले. म्हणाले, एका आठवड्याबद्दल काय बोलणार? पण माझं मत असं आहे की पुष्कळ मुलांची चार वर्षं त्या एका आठवड्यात अडकतात. आज सत्कार झालेली बरीच मुलं येत्या महिन्यात भोपाळ, इंदूर, नागपूर, पुण्याला निघतील. काही इथेच १९४७ पासूनच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातील. म्हणून हा विषय घेतला.

आधी माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. रुळाखाली जी खडी असते, जिला आपण इथे गिट्टी म्हणतो, ती काही वर्षांनी मातीने भरते. मग ती काढून, चाळून, पुन्हा भरतात. त्याला डीप स्क्रीनिंग म्हणतात. हे काम झालं की रूळ दिसायला एकदम नवा, स्वच्छ दिसतो. पण त्यावरून पहिली गाडी आम्ही ताशी २० किलोमीटरनेच सोडतो. ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर मिळते. मग पॅकिंग करायचं, काही दिवसांनी ४५, पुन्हा पॅकिंग, मग ७५, आणि हाताने पॅकिंग असेल तर साधारण तीन आठवड्यांनी पूर्ण वेग. मशीन असेल तर त्याहून लवकर.

असं का? कारण ताजी खडी सैल असते. तिने अजून रुळाला धरलेलं नसतं. लगेच जोरात गाडी नेली तर रूळ सरकेल. पण दुसरी बाजूही ऐका. रूळ सैल आहे म्हणून गाड्याच बंद ठेवल्या, तर खडी कधीच बसणार नाही. गाड्यांच्या वजनानेच ती बसते. म्हणजे गाडी चालवायचीच, रोज चालवायची, पण हळू. माझं आजचं सगळं भाषण एवढंच आहे. बाकी उदाहरणं.

गेल्या वर्षी आमची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. तिची परवानगी घेऊनच सांगतो आहे. मंगळवारी, २० ऑगस्टला, आम्ही तिला होस्टेलवर सोडून आलो. पहिला दिवस कागदपत्रं, गादी, बादली यात गेला. बुधवारी वर्गात ओळखी झाल्या. ही उभी राहून म्हणाली, "मी चार वर्षांपासून कथ्थक शिकून राहिले." मागच्या बाकांवरून हसू आलं. आता आपल्याला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. जबलपूरची आपली मुलं असंच बोलतात, दिवसभर हिंदी कानावर असल्यावर दुसरं काय होणार? पण तिने त्यानंतर वर्गात मराठी बोलणंच बंद केलं. इथे शाळेत ती "मराठी" होती, तिथे एका दिवसात "एमपीवाली" झाली. गुरुवारी सरांनी विचारलं, पायथन कोणाकोणाला येतं? अर्ध्या वर्गाचे हात वर. हिचा नाही.

शुक्रवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. मी पावसाळी गस्त तपासायला लाइनवर होतो. ती म्हणाली, "पप्पा, मला परत यायचंय. मला इथलं काही येत नाही, आणि मी इथली पण नाही."

आपण सगळे घरं सोडून इकडे आलेले लोक. मुलांना आपण लहानपणापासून सांगतो, आपला महाराष्ट्र, आपली भाषा. आणि मूल तिथे गेल्यावर त्याला कळतं की तिथे आपण पाहुणेच. हे दुःख पुण्या-मुंबईच्या आई-बापांना समजायचं नाही. आपल्याला समजतं. आमच्या सौ. तर म्हणाल्या, उद्याच निघा आणि तिला घेऊन या.

मी मुलीला सांगितलं, "बरं, ये. मी तिकीट काढतो. पण ते १३ सप्टेंबरचं काढतो. तोपर्यंत कॉशन ऑर्डर. वेग २०." रेल्वे कॉलनीतली मुलगी, तिला २० म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. रडता रडता विचारते, "मग ४५ केव्हा?" म्हटलं, "पॅकिंग झाल्यावर."

आता २० चा वेग म्हणजे कॉलेजात नेमकं काय करायचं, ते सांगतो. मुलांनो, हे जरा लक्षात ठेवा.

पहिलं, प्रत्येक तासाला बसायचं. समजो न समजो. यात साधा हिशोब आहे. एका विषयाचे आठवड्याला चार तास धरले आणि सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं, तर ६० तास झाले. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे ४५. चुकवायला हातात १५ तास. पहिलाच आठवडा घरी पळालात तर त्यातले चार गेले. पुढे ताप येईल, घरी लग्न असेल, दिवाळीला गाडी उशिरा पोहोचेल. तेव्हा ते तास लागतात.

दुसरं, अभ्यासक्रमाचा कागद मिळवा आणि वाचा. त्यात प्रत्येक विषयापुढे ३-१-० किंवा ३-०-२ असे आकडे असतात. पहिला आकडा व्याख्यानाचे तास, दुसरा ट्युटोरियलचे, तिसरा प्रॅक्टिकलचे. सर्वसाधारणपणे व्याख्यानाच्या एका तासाला एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलच्या दोन तासांना एक. म्हणजे ३-१-० चे चार क्रेडिट आणि ३-०-२ चेही चार. हे कळलं की कुठल्या विषयाला किती वजन आहे ते समजतं. वर्गातल्या चाचण्या आणि जर्नल यांचे गुण किती, हेही त्याच कागदावर असतं. कॉलेजप्रमाणे ते कमी-जास्त असतात. परीक्षेच्या आदल्या महिन्यात हा कागद शोधणारी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरं, पायी फिरा. आमचा कीमन रोज आपला बीट पायी चालतो, म्हणून कुठली चावी सैल आहे ते त्याला माहीत असतं. तसं तुम्ही पहिल्या आठवड्यात कॉलेज पायी पालथं घाला. लायब्ररी केव्हा उघडते, वर्कशॉप कुठे, डॉक्टर कुठे बसतो, विद्यार्थी विभागाची खिडकी किती वाजता बंद होते. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कोणाकडे मिळतो हेही विचारून ठेवा. २०२० मध्ये बऱ्याच सवलती बंद झाल्या, पण घरी जायला विद्यार्थ्यांची सवलत अजून आहे. आपल्या रेल्वेवाल्यांच्या मुलांचा स्कूल पास वेगळा. तो आई-वडिलांनी वेळेवर काढावा.

चौथं, एक वही करा. मी १९९६ साली दहावी करून डिप्लोमाला गेलो. शाळा मराठी माध्यमाची. पहिल्या आठवड्यात मेकॅनिक्सचे सर बोलायचे आणि आमच्यापैकी निम्मे एकमेकांकडे बघायचे. मी एका वहीच्या मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला त्वरण, उजवीकडे अॅक्सिलरेशन. डावीकडे संवेग, उजवीकडे मोमेंटम. जडत्व, इनर्शिया. इंग्रजी शब्दसुद्धा मराठी अक्षरातच लिहायचो, स्पेलिंग मागाहून. शनिवारपर्यंत चाळीसेक शब्द झाले. तेव्हा लक्षात आलं की विषय आपल्याला येतो आहे, फक्त त्याची नावं बदलली आहेत. २०२१-२२ पासून एआयसीटीईने इंजिनिअरिंग मराठी, हिंदी अशा भाषांतूनही शिकवायला परवानगी दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण तशा जागा थोड्या आहेत. बहुतेकांना ही वही लागणारच. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांनाही हीच वही चालेल, कारण त्वरण आणि संवेग हे शब्द दोन्हीकडे सारखेच.

पाचवं, रोज एका माणसाशी बोला. एकाच. रूम पार्टनर धरायचा नाही. मेसवाले काका, प्रयोगशाळेतले सहायक, शेजारच्या बाकावरचा मुलगा, कोणीही. नाव विचारायचं आणि आपलं सांगायचं. पहिल्या आठवड्यात मित्र मिळालेच पाहिजेत असं काही नाही. मैत्री ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली गोष्ट आहे.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात स्वतःला मार्क देऊ नका. पहिल्या आठवड्यात वर्गात हुशार कोण ते कळत नाही. आधी शिकून कोण आलंय, एवढंच कळतं. ज्याने कोचिंगमध्ये पायथन केलं त्याचा हात वर जाणारच. सत्राच्या शेवटी कोणाचा हात कुठे असेल, ते तेव्हा बघू.

इंजिनिअरिंग शिक्षणाच्या वरच्या लोकांनाही हे पटलेलं दिसतं. एआयसीटीईने २०१७ मध्ये पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिला. खेळ, कला, गावात फेरफटका, शिक्षकांशी गप्पा, असं सगळं त्यात आहे. काही कॉलेजं तो पूर्ण करतात, काही उरकून टाकतात. मुलं म्हणतात, यात शिकवत तर काहीच नाहीत, कशाला जायचं? मी तो कार्यक्रम वाचला तेव्हा मला आमची तीन आठवड्यांची खडी आठवली. हे पॅकिंगच आहे. ते चुकवू नका.

आता आई-वडिलांना दोन शब्द. रोज फोनची एक वेळ ठरवा आणि तेवढ्याच वेळी करा. दिवसातून सहा वेळा फोन केला तर मूल तिथे असून घरीच राहतं. "समजतंय ना सगळं?" असं विचारू नका. त्याला नाही म्हणायची लाज वाटते आणि हो म्हटलं तर खोटं बोलावं लागतं. त्यापेक्षा विचारा, आज काय जेवलास? शेजारी कोण बसतं? झोप झाली का? आणि आपल्या साहेबाचा मुलगा कुठल्या आयआयटीत आहे, हे निदान पहिल्या महिन्यात सांगू नका.

पण सगळ्याच गोष्टींना तीन आठवडे थांबायचं नाही, हेही स्पष्ट सांगतो. रूळ सैल असला तर वेग कमी करतो, पण रूळ तुटलेला दिसला तर गाडी थांबवतो. तेव्हा लाल झेंडी हातात नसली आणि दोन्ही हात डोक्यावर उंच केले, तरी तो थांबण्याचाच इशारा असतो. तसंच आहे. कोणी रॅगिंग करत असेल तर थांबायचं नाही. २००९ पासून यूजीसीचे कडक नियम आहेत, महाराष्ट्रात तर १९९९ चा कायदा आहे. हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, नंबर १८००-१८०-५५२२. मुलांनी तो फोनमध्ये ठेवावा आणि आई-वडिलांनीही ठेवावा. मूल दोन-तीन रात्री झोपलेलं नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतंय, तर कॉशन ऑर्डरची भाषा करू नका. त्याच रात्री निघा. तिथल्या वॉर्डनला फोन करा. टेलि-मानसची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, तीही चोवीस तास. आणि गाडीत जागेची अडचण असेल तर रात्री दोन वाजता मला उठवा. इथे बसलेल्या कुठल्याही रेल्वेवाल्याला उठवा. आम्हाला रात्री उठायची सवय आहे.

आता आमच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. शनिवारी तिला तिकिटाचा फोटो पाठवला. बर्थ साइड अपर, पण कन्फर्म. तिने तो म्हणे रूममध्ये टेबलासमोर लावून ठेवला. मला वाटतं त्या तिकिटाने निम्मं काम केलं. परत जायचा रस्ता उघडा आहे असं दिसलं की माणूस थोडा वेळ थांबायला तयार होतो. ती रोज वर्गात जात राहिली. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी एक मुलगी आपण होऊन तिच्याजवळ आली. म्हणाली, "अगं, तू त्या दिवशी 'शिकून राहिले' म्हणालीस ना? आमच्या यवतमाळला पण असंच बोलतात." त्या मुलीलाही चार दिवस तोंड उघडायची भीती वाटत होती. आमची पहिल्याच शनिवारी निघून आली असती, तर ती दुसरी तिथे एकटी राहिली असती आणि ही इथे.

१३ सप्टेंबरच्या शुक्रवारी ती दानापूरच्या गाडीत बसली. शनिवारच्या आरतीला ती इथे होती, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. रविवारी तिच्या आईने डब्यात काय काय भरून दिलं ते सांगत नाही, बॅग मला उचलवेना. स्टेशनवर मी विचारलं, राहायचं असेल तर अजून सांग. म्हणाली, "पप्पा, मंगळवारी माझं सबमिशन आहे." पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रं ती पास झाली. गणितात गुण बेताचेच आहेत. वर्गात आता मराठी बोलते, आपली जबलपूरची.

प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा इंदूरला गेला होता. तो तीन आठवडे नियमाने बसला, सगळं करून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, हे माझं काम नाही. वडिलांनी ऐकलं. आज तो इथेच डिप्लोमा करतो आहे आणि मशीनवर हात चांगला चालतो. मी स्वतः डिप्लोमावाला आहे, मला त्यात काही कमी वाटत नाही. फरक एवढाच की त्याने निर्णय चौथ्या दिवशी रडून घेतला नाही, तीन आठवडे बघून घेतला. मात्र प्रवेश रद्द करून फी परत मिळायच्या तारखा ठरलेल्या असतात. त्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, म्हणजे निर्णय कधीपर्यंत घ्यायचा ते कळेल. तारीख तीन आठवड्यांच्या आत येत असेल तर आधीच घरच्यांशी बोला.

तेव्हा मुलांनो, बॅग भरताना या तीन आठवड्यांचा हिशोब मनात ठेवा. आई-वडिलांनो, आपण मुलांना "धावा, धावा" म्हणून सवय लावली आहे. तीन आठवडे जरा "हळू जा, पण रोज जा" असं म्हणा. पुढे ११० ने, १३० ने धावायला आख्खं आयुष्य पडलं आहे.

बाप्पाच्या कृपेने सगळ्या मुलांची गाडी रुळावर राहो, वेळेवर पोहोचो. आणि ज्यांना जमेल त्यांनी उत्सवात एक दिवस तरी आरतीला घरी यावं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी मंडळ प्रसाद राखून ठेवील, असा शब्द मी सचिवांना न विचारताच देऊन टाकतो.

 गणपती बाप्पा मोरया!